तिसऱ्या ओळीतला चौकोन

शाळेत तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ म्हणत. दोन्ही तिला ठाऊक होतं, आणि दुसरं नाव कानावर आलं की तिला आतून बरंच वाटायचं. बावीस वर्षं त्या शाळेचे जिने झाडताना तिनं चार हेडसर आलेले आणि गेलेले पाहिले. तिला 'अगं' म्हणायची छाती एकाचीही झाली नव्हती. स्वतः ती दुसरीतून बाहेर पडलेली. सही यायची, घड्याळ कळायचं, आणि माणूस तर ती कागदापेक्षा लवकर वाचायची.

रोग आला, शाळा बंद पडली आणि आठ महिन्यांनी उघडली ती अर्धीच. पोरांचे दोन भाग केले. हिरव्या कार्डाची पोरं सोमवार ते बुधवार वर्गात बसायची, पिवळ्या कार्डाची गुरुवार ते शनिवार. ज्यांची पाळी नाही त्यांनी घरी फोनसमोर बसायचं. फळ्याशेजारी मोठा पडदा लावला होता, त्यावर घरची पोरं एकेका चौकोनात दिसायची.

"अर्धी पोरं बाकावर आणि अर्धी भिंतीवर," मावशी म्हणायची. "उद्या पगारही अर्धा भिंतीवर दाखवतील."

मुंगी पिवळ्या कार्डाची. मुंगी म्हणजे मावशीच्या लेकीची लेक, नऊ वर्षांची, चौथीतली. किडकिडीत, आणि घरात सदा काहीतरी इकडून तिकडे ओढत नेणारी, म्हणून मुंगी. लेक मोठ्या दवाखान्यात नर्स होती. पंधरा-पंधरा दिवस तिथेच राहायची, घरी यायला परवानगी नव्हती. जावई बोटीवर, आणि ती बोट कुठल्याशा बंदराबाहेर महिनाभर थांबवून ठेवलेली. घरात उरल्या दोघी, एक बासष्टची आणि एक नऊची. सोमवार ते बुधवार मावशी साडेसहाला कामावर निघायची आणि मुंगी दुपारपर्यंत एकटी.

"आई, एवढीशी पोर एकटी राहील कशी गं?" लेक फोनवर रडायला आली होती.

"एकटी कशानं? दर तासाला मी चौथीच्या दारावरून जाते. दाराला काच आहे. पडद्यावर तिसऱ्या ओळीत तुझी पोर बसलेली मला दिसते. तू घरी होतीस तेव्हा तरी एवढी बघत होतीस का तिला?"

"निदान एक किल्ली शेजारी ठेव. शिवणवाल्या ताईंकडे."

"तिच्याकडे? तिचा नवरा खोकत खोकत जिना उतरला तो सगळ्या मजल्यानं पाहिला. त्या घरचा वाराही नको मला."

आणि खरंच नको होता. दारं समोरासमोर. मधल्या जागेत मावशीनं खडूनं रेघ मारली होती आणि चार मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, ही ओलांडायची नाही. नवरा बरा होऊन आला, शिवणवालीलाही होऊन गेलं, तरी मावशी दर रविवारी ती रेघ नव्यानं ठळक करायची. मुंगीला आत ठेवून ती बाहेरून कुलूप लावायची. किल्ली एकच, ती तिच्या पिशवीत. "कुणी दार वाजवलं तर तू घरात नाहीस," ती बजावायची. "कुलूप बघून माणूस आल्या पावली परततो."

त्या बुधवारीही ती सातपासून गेटवर तापाची बंदूक घेऊन उभी होती. पोरांनी रांगेत यायचं, कपाळ पुढे करायचं, टिक वाजलं की आत. ताप निघाला तर पोर परत आणि सगळं घर चौदा दिवस बंद. सोमवारी एक पोरगं ओलं कपाळ घेऊन आलेलं. गार पाणी मारलं की बंदूक फसते, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. मावशीनं त्याला झाडाखाली उभं केलं, कपाळ कोरडं होऊ दिलं, पुन्हा बंदूक लावली आणि ताप पकडला. त्याच्या आईनं हात जोडले. मावशीनं तिला असं सुनावलं की रांगेतली पोरं जागच्या जागी गोठली. हे सगळं तिनं संध्याकाळी मुंगीला आवाज काढून, हातवारे करून सांगितलं. "माझ्या हातून ताप निसटेल होय?" मुंगी हसली होती, पण जरा उशिरा.

कामावरच्या माणसांना शाळेचा आणखी एक नियम होता. बाहेरून आणलेली पिशवी, डबा, चपला, सगळं गेटच्या खोलीतल्या कपाटात बंद करायचं, ते सुट्टी झाल्यावरच परत मिळायचं. मावशीनं पिशवी दिली. फोन मात्र एप्रनच्या आतल्या खिशात लपवला. लेक कामातून मोकळी झाली की कधीही फोन करायची.

सव्वानऊला ती बादली आणि औषधाची फवारणी घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. प्रत्येक तासानंतर दारांच्या मुठी पुसायच्या असत. चौथीच्या काचेतून तिनं आत पाहिलं. चौदा पोरं, एक बाक सोडून एक. बाई नवीन लागलेल्या, तोंडाला मास्क, त्यावर पारदर्शक झडप, आवाज डब्यातून आल्यासारखा. पडद्यावर पंधरा चौकोन. एका चौकोनात एक पोरगं नाकात बोट घालून मोठं काम करत होतं. एकात कुणाचा तरी बाप बनियनवर मागून गेला, आपण दिसतोय हे कळल्यावर वाकून परत आला. आणि तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरी, मुंगी. दोन वेण्या, गालाला हात, नजर समोर.

"बघ," मावशीनं शेजारून चाललेल्या शिपायाला थांबवलं. "याला म्हणतात बसणं. बाकीची सगळी माकडं."

"तुमची नात आहे, मावशी. हलायला परवानगी लागत असेल बिचारीला."

"जा, जिना पूस."

सव्वादहाला ती पुन्हा आली. फवारणी केली, मूठ पुसली, काचेला नाक लावलं. नाकात बोटवालं पोरगं आता पाणी पीत होतं. कुणी जांभई देत होतं, कुणी गायबच होतं. मुंगी तशीच. गालाला हात, नजर समोर. मावशीला कौतुक वाटायला लागलं आणि ते अर्ध्यातच कुठेतरी अडलं. एवढा वेळ गालाला हात? ही पोर झोपेतसुद्धा चार वेळा कूस बदलते.

जवळचं तिला दिसत नसे, पण लांबचं घारीसारखं दिसायचं. मुंगीच्या डोक्यामागे घरातलं भिंतीवरचं घड्याळ होतं. त्यात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिनं वर व्हरांड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. पुन्हा आत पाहिलं. आठ दहा. तिनं मनात दहापर्यंत मोजून पाहिलं. मुंगीची पापणी हलली नाही.

वर्गात त्या वर्गाच्या माणसांशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम दारावर चित्रासकट लावलेला. मावशीनं बादलीसकट दार ढकललं.

"मावशी! आत नाही यायचं! मावशी, पोरं आहेत!" बाई फळ्याला चिकटल्या.

"तिला हाक मारा."

"कुणाला?"

"माझ्या नातीला. त्या तिसऱ्या ओळीतल्या. मारा आधी."

बाईंनी वहीत पाहिलं. "सतरा नंबर, माइक सुरू कर. सतरा नंबर?"

काही नाही. पडद्यावरची सगळी तोंडं जवळ आली आणि मोठी झाली. मुंगी तेवढीच राहिली.

"बाई," नाकात बोटवालं पोरगं पडद्यातून म्हणालं, "तो फोटो आहे. कॅमेरा बंद केला की फोटो येतो. आम्हाला सगळ्यांना येतं ते."

बाईंचा चेहरा झडपेमागे पांढरा पडला. "साडेआठला हजेरीला बोलली ती. हजर म्हणाली. आवाज बसलेला होता, मला वाटलं नेटमुळे..."

"आणि त्यानंतर?"

"एकेकासाठी तास थांबवू नका असं सांगितलंय आम्हाला, मावशी."

मावशीनं खिशातून फोन काढून घरी लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. त्या वाजण्याच्या मधल्या शांततेत तिला आपलं बंद घर दिसत होतं, आणि घरात कुणी फोनकडे चालत येत नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी हेडसर आडवे आले, ठरलेल्या सहा फुटांवर थांबून. "मावशी, वेळ संपेपर्यंत बाहेर जाता येत नाही. गेलात तर आज परत घेता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"नियम घालून ठेवा कपाटात," ती म्हणाली. "माझी पोर घरात कोंडलेली आहे."

"कुणी कोंडली?"

मुख्य गेटकडे न जाता ती मागे कचऱ्याच्या डब्यांकडच्या दारानं निघाली. त्याची कडी तिच्याच हातातली.

रस्ता एरवी पंधरा मिनिटांचा. नेहमीच्या गल्लीच्या तोंडाशी आज फळ्या ठोकलेल्या. सकाळी नव्हत्या. म्हणजे या साडेतीन तासांत आत कुणाला तरी रोग निघाला. ती वळून मोठ्या रस्त्यानं पळाली. बासष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते दुकानासमोर आखलेल्या गोलांत उभी असलेली माणसं पाहत राहिली, पण कुणी जवळ आलं नाही. कोण येतंय तेव्हा? मास्क तोंडात जात होता. चौकात फोन वाजला.

"आई, मुंगी फोन घेत नाहीये. तुला दिसते ना?"

मावशी खांबाला धरून उभी राहिली. श्वास गिळला. "दिसते की."

"काय करतेय?"

"बसलीय. गालाला हात लावून."

"हुश्श. अगं, काल मला म्हणाली घसा दुखतोय. आजीला सांगू नको म्हणाली. उद्यापासून तिची शाळेची पाळी आहे ना, चार दिवस त्याचंच चाललंय तिचं. तू दुपारी बघ जरा हात लावून. आणि ओरडू नकोस. चल, ठेवते, हाक मारतायत."

फोन बंद झाला. मावशीला वाटलं होतं की भीती आत्तापर्यंत पुरती आलेली आहे. ती यायची होती ती आत्ता आली. रोज तीनशे पोरांच्या कपाळाला तिनं बंदूक लावली होती. सकाळी निघताना स्वतःच्या नातीच्या कपाळाला हात लावला नव्हता. झोपलेल्या पोरीला पांघरुणातूनच ऊठ म्हणाली होती, आणि पांघरुणातूनच हो आलं होतं.

इमारतीची लिफ्ट रोग आल्यापासून बंद. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. दाराला कुलूप होतं, जसं लावलं तसं. तिनं एप्रनच्या बाहेरच्या खिशात हात घातला, मग आतल्या, मग पुन्हा बाहेरच्या. किल्ली पिशवीत होती. पिशवी शाळेच्या कपाटात होती.

"मुंगे!" तिनं दारावर थापा मारल्या. "मुंगे, मी आहे! आजी! बोल काहीतरी!"

दार वाजलं की तू घरात नाहीस, हे तिनंच शिकवलेलं. तिनं कान लावला. आत पाणी वाहत होतं. नळाचं एकसुरी पाणी, बादली भरून वर वाहिल्यावर जसं वाजतं तसं. आणि उंबऱ्याखालून एक ओली रेषा बाहेर येऊन तिच्या पायाला लागली.

तिच्या मागचं दार उघडलं. शिवणवाली मास्क शिवत बसली असावी, गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचणी. तिनं टाचणी काढली.

"काय झालं?"

"किल्ली राहिली. पोर आत आहे. आवाज देत नाही." मावशीला पुढचं वाक्य म्हणायला जीभ रेटावी लागली. "काहीतरी करा हो."

"रेघ ओलांडू का मग? की इथूनच फुंकर मारू?"

"हवं तर जोड्यानं मारा मला. नंतर मारा. आधी दार उघडा."

शिवणवालीनं पुढे काही ऐकलंच नाही. आत गेली आणि मशीनचा पेचकस घेऊन आली. कोयंड्याकडे एक नजर टाकली. "एवढं भलं कुलूप, आणि कोयंड्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूला. चोराला दोन मिनिटं लागली नसती, मावशी. फक्त पोरीलाच बाहेर येता आलं नसतं."

चार स्क्रू होते. पहिला सहज निघाला. दुसरा गंजलेला, पेचकस घसरून शिवणवालीच्या बोटाला लागला. मावशी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीतून बोलत होती, "आले हं, आले मी, दोनच राहिले," आणि आतलं पाणी थांबत नव्हतं. तिसरा. चौथ्याला शिवणवालीनं शिवी दिली आणि तो निघाला.

टेबलावर फोन पुस्तकाला टेकवून ठेवलेला. समोर खुर्ची रिकामी. फोनमधून बाईंचा घाबरलेला आवाज येत होता, "सतरा नंबर? बाळा, आहेस का?" पाणी न्हाणीघरातून येत होतं.

मुंगी भरल्या बादलीला टेकून फरशीवर बसली होती. कपडे निथळत होते, वेण्या गळ्याला चिकटलेल्या, हातात तांब्या. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत बघणं नव्हतं. ओठ थरथरत होते. मावशीनं कपाळाला हात लावला तर वरून गार लागलं. तिनं हात मानेमागे केसांखाली नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं. झाडाखाली कोरडं केलेलं कपाळ, त्या पोराची हात जोडणारी आई, आवाज काढून सांगितलेली गोष्ट. पोर सकाळपासून उद्याच्या गेटची तयारी करत होती. फोटो पण बाईंसाठी नव्हता. काचेतून कोण बघतं ते मुंगीला चांगलं माहीत होतं.

दोघींनी तिला उचलून पलंगावर घातलं. शिवणवालीनं ओले कपडे काढले, कोरडं गुंडाळलं. मावशीनं लेकीला फोन लावला आणि या वेळी खोटं बोलायचं बळ तिच्यात नव्हतं.

"मी घरी आहे. शाळेत दिसत होता तो फोटो होता. पोर तापानं फणफणलीय. हाक मारली तर ओ देत नाही."

पलीकडून लेकीचा आवाज आला, तो लेकीचा नव्हता, वॉर्डातला होता. "तिची छाती बघ. एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोज. समोरच्या घड्याळात बघ. बोलू नको, मोज."

मावशी मोजायला लागली. तिची मोजणी विसाविसांची, शाळेतली नव्हती. बरगड्या कातडीतून वर यायच्या, आत ओढल्या जायच्या, मधे थांबणं नाहीच. काटा अर्ध्यावर आला तेव्हाच एक वीस आणि वर तीन झाले होते. एकदा छाती अडखळली आणि मावशीचा आकडाही तिथेच अडकला. मग ती पुन्हा वर आली.

"दोन विसा आणि सात," ती म्हणाली.

लेक गप्प. मावशीनं कागद कधी वाचला नव्हता, पण ती गप्प राहणं तिला वाचता आलं.

"गाडी पाठवते," लेक म्हणाली. "बसवून धर तिला. आडवी ठेवू नको. तोंडावर पाणी मारू नको. आणि आई, तू मास्क काढू नकोस."

वीस मिनिटं गाडी आली नाही. मावशीनं पोरीला छातीशी टेकवून धरलं होतं. तिच्या हातांना त्या छोट्या छातीची लगबग कळत होती, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखी. शिवणवाली खिडकीतून खाली बघत होती. "अजून नाही... अजून नाही... ती दुसऱ्या इमारतीकडे वळली."

आली तेव्हा दोन माणसं वर आली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, चेहराच नाही. एकानं मुंगीच्या बोटाला चिमटा लावला, दुसऱ्याला आकडा दाखवला, मोठ्यानं सांगितला नाही.

"बरोबर एकच जण. वय?"

"बासष्ट."

"साठच्या पुढचं कुणी चालत नाही, आजी. आत संसर्ग आहे."

"मी तिची आजी आहे! पोर माझ्याशिवाय..." तोफ डागायला निघाली आणि धूरसुद्धा निघाला नाही. मुंगीच्या श्वासातून आता बारीक शीळ येत होती. बोलण्यात जाणारा वेळ कुणाच्या खात्यातून जातोय ते तिला दिसत होतं.

"मी जाते," शिवणवाली म्हणाली. "मला होऊन गेलाय. मला काय घाबरवणार तो आता?"

मावशीनं पोर आपल्या हातांनी तिच्या हातांत दिली. देताना मुंगीची बोटं एप्रनला अडकली, ती एकेक करून सोडवावी लागली.

"मान धरा हो तिची," ती म्हणाली. "अशी. आणि तिला अंधार आवडत नाही."

जिन्यावरून पावलं उतरत गेली. मावशी खिडकीशी गेली तोवर गाडीचं दार लागलं होतं.

मग तिला करायला काहीच उरलं नाही. न्हाणीघरातलं पाणी तिनं पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं. दार कोयंड्याशिवाय अर्धवट उघडं राहत होतं, ते तिनं लावलंही नाही. फोन मांडीवर घेऊन ती दारातच बसली. साडेअकरा झाले, बारा झाले. खालच्या मजल्यावर कुणी खोकलं की ती दचकायची. एकदा फोन वाजला आणि तिच्या हातातून पडला, पण हेडसर होते. गेटवर उद्या दुसरं कुणी उभं राहील, तुम्ही चौदा दिवस येऊ नका, आणि पोर कशी आहे? ती "माहीत नाही" म्हणाली. त्यांनी "कळवा" म्हटलं.

पावणेदोनला लेकीचा फोन आला.

"ऑक्सिजन लावलाय. इंजेक्शन दिलंय. मी ते पांढरे कपडे चढवून आत जाऊन आले."

"वाचेल ना गं?"

"आत्ता काही सांगता येत नाही, आई. आजची रात्र जाऊ दे." लेकीचा वॉर्डातला आवाज मधेच तडकला. "पण डोळे उघडले तिनं. मला ओळखलं."

"काही बोलली?"

मागे यंत्रांची टिकटिक आणि कुणाची तरी घाईची पावलं.

"विचारत होती, आजी ओरडेल का?"

मावशीनं तोंडावर हात धरला. मास्क ओला झाला होता. समोरच्या उघड्या दारातून शिवणयंत्राखाली अर्धा शिवलेला मास्क तसाच पडलेला दिसत होता.

"काय सांगू तिला?" लेकीनं विचारलं. "आई? लवकर सांग, मला आत जायचंय."

"सांग," मावशी म्हणाली, "ओरडणार आहे म्हणावं. खूप ओरडणार आहे. आधी घरी ये म्हणावं तिला."

"बरं," लेक म्हणाली, आणि तिकडून फोन ठेवला गेला.